योगासने आणि आरोग्य : एका कसोटीचा इतिहास

१८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कानडा जिल्ह्याविषयीचा खंड प्रसिद्ध झाला. आज जोयडा तालुका म्हणून ओळखला जाणारा मुलूख त्या काळी सुपे या नावाने प्रसिद्ध होता, आणि घाटमाथ्यावरील या अरण्यप्रदेशाचे नाव निघाले की सरकारी कागदांत त्याच्याबरोबर हिवतापाचे नाव येत असे. ताप येऊन येऊन पाणथरी वाढलेली, पोट पुढे आलेली आणि हातापायांच्या काड्या झालेली मुले हे काळी नदीच्या खोऱ्यातील नित्याचे दृश्य होते. त्याच १८८३ साली, ऑगस्टच्या ३० तारखेस, गुजरातेतील डभोई येथे जगन्नाथ गणेश गुणे या बालकाचा जन्म झाला. पुढे हेच स्वामी कुवलयानंद होत. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु योगाने आरोग्य लाभते या श्रद्धेचा विचार करावयाचा झाल्यास दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात.

कारण असे की, स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत शीतली नामक प्राणायामाचे फळ सांगताना गुल्म, प्लीहा आणि ज्वर यांचा नाश होतो, असे म्हटले आहे. प्लीहा म्हणजेच पाणथरी. ग्रंथाचे वचन शिरोधार्य मानणाऱ्या साधकाने सुप्याच्या रानात बसून शीतलीचा अभ्यास केला असता, तर त्याची पाणथरी उतरली असती काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. १९४६ च्या सुमारास मुंबई प्रांताच्या हिवताप खात्याचे डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी कानडा व धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग केला. हिवतापाचा जोर त्यामुळे झपाट्याने ओसरला, आणि १९५३ मध्ये देशभर सुरू झालेल्या हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला अशाच प्रयोगांचा आधार मिळाला. हिवतापाचे मूळ डासाच्या दंशात होते, आणि ते मूळ श्वासाच्या नियमनाने तुटणारे नव्हते. हे मान्य करण्यात स्वात्मारामाचा अवमान नाही. हिवतापाचे जंतू माणसाच्या रक्तात प्रथम दिसले ते १८८० साली. पंधराव्या शतकातील योग्याने त्यांचा विचार करावा अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाही.

मग योगाचे आरोग्याच्या क्षेत्रातील खरे स्थान कोणते? हा प्रश्न श्रद्धाहीन माणसाने उपहासाने विचारला असता तर त्याचे विशेष महत्त्व नव्हते. तो एका श्रद्धावान शिष्याने, गुरूची विद्या हाती धरून विचारला, यातच या इतिहासाचे मर्म आहे.

तत्पूर्वी ग्रंथपरंपरेकडे एकवार पाहणे उचित होईल. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाचा विचार अवघ्या तीन सूत्रांत आटोपला आहे. देह निश्चल राहावा, बसणे सुखकर व्हावे, शीतोष्णादी द्वंद्वांनी बाधा होऊ नये, एवढेच तेथे अपेक्षित आहे; कंबरदुखीचा किंवा अपचनाचा तेथे उल्लेखही नाही. व्याधी हा चित्तविक्षेपाचा एक प्रकार म्हणून येतो, म्हणजे समाधीच्या वाटेतील अडथळा म्हणून. श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये सिद्ध केलेल्या भावार्थदीपिकेच्या सहाव्या अध्यायात आसन घालण्याचे, मूळबंधाचे आणि कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन आहे, त्यासारखे तपशीलवार वर्णन मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते. परंतु तेथेही देह कांतिमान होतो तो योगाचे आनुषंगिक फळ म्हणून. आरोग्य हा उघड हेतू होतो तो हठयोगाच्या ग्रंथांत. आसनाने स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचे हलकेपण येते, हे स्वात्माराम प्रारंभीच सांगून टाकतो. त्याने पंधरा आसने वर्णिली. पुढील घेरंडसंहितेत ती बत्तीस झाली. मयूरासनाने उदररोग जातात, मत्स्येंद्रासनाने जठराग्नी प्रदीप्त होतो, अशी फलश्रुती पानोपानी आढळते.

मात्र याच ग्रंथांतील सावधगिरीच्या वचनांकडे भाविकांचे फारसे लक्ष जात नाही. युक्त प्राणायामाने रोग जातात हे सांगताच स्वात्माराम त्याच्या पाठोपाठ सांगतो की, अयुक्त अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, मस्तक, कान व डोळे यांच्या वेदना असे रोग उत्पन्न होतात. सिंह, हत्ती आणि वाघ यांना जसे हळूहळू वश करावे तसा वायू वश करावा, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा त्याचा इशारा आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांच्याकडून हस्तलिखिते ताडून १९७० साली हठप्रदीपिकेची जी आवृत्ती सिद्ध केली, तीत सर्वपरिचित चार उपदेशांखेरीज पाचवाही उपदेश आहे, आणि त्याचा विषय चुकीच्या अभ्यासाने उद्भवलेल्या विकारांची चिकित्सा हा आहे. ज्या विद्येने स्वतःपासून होणाऱ्या अपायांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, तिला आंधळी म्हणता येणार नाही.

आता जगन्नाथपंत गुणे यांच्याकडे वळू. शालान्त परीक्षेत जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविणारा हा तरुण बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाला. मल्लविद्या, लाठी, मल्लखांब या देशी व्यायामाचा संस्कार तेथे झाला. पुढे खानदेशात अंमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात त्यांनी काही वर्षे घालविली. त्याच काळात नर्मदातीरी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजी महाराजांचे शिष्यत्व त्यांना लाभले. माधवदासजी वयोवृद्ध बंगाली योगी होते. १९२१ साली त्यांनी देह ठेवला. म्हणजे शिष्याला गुरुसहवास थोडाच मिळाला. परंतु जे मिळाले त्याविषयी त्याच्या मनात एक विलक्षण तळमळ उत्पन्न झाली. क्रियांचा परिणाम तर प्रत्यक्ष अनुभवास येतो. तो नेमका कशामुळे येतो?

१९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात आपल्या काही विद्यार्थ्यांवर उड्डियान व नौली या क्रियांचे निरीक्षण केले. पोट आत ओढून धरलेल्या साधकाचे क्ष-किरणांनी चित्र घ्यावे, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना अपवित्र वाटली असेल, तर नवल नाही. गुरुमुखाने एकांतात मिळणारी विद्या प्रयोगशाळेच्या मेजावर मांडावयाची होती. या प्रश्नाला दुसरीही बाजू होती. प्रयोग फसला तर काय? गुरूने सांगितलेले खोटे ठरले तर शिष्याने कोणाकडे पाहावे? स्वामीजींनी हा धोका जाणूनबुजून पत्करला.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यातील आरंभीचा एक शोध येथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. बस्ती नामक क्रियेत साधक पाण्यात बसून कोणत्याही पंपाशिवाय मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. हे पाणी वर चढते कसे? अपानवायूच्या सामर्थ्याने, असे परंपरेचे उत्तर होते. स्वामीजींनी पाऱ्याच्या दाबमापकाची नळी लावून पाहिले, तेव्हा नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, असे आढळले. पोटाचे स्नायू आणि श्वासपटल यांच्या हालचालीने आत अंशतः निर्वात स्थिती उत्पन्न होते आणि बाहेरचे पाणी आपोआप आत शिरते. या निर्वात स्थितीस त्यांनी माधवदासजींचे नाव दिले. गुरूची क्रिया खरी ठरली, तिची जुनी उपपत्ती मागे पडली आणि नव्या उपपत्तीवर नाव गुरूचेच राहिले.

दुसरा प्रसंग याहून कठीण होता. प्राणायामाने शरीरास प्राणवायू अधिक मिळतो म्हणून आरोग्य लाभते, असा समज त्या काळी सर्वत्र होता आणि आजही आहे. या समजाला मराठी भाषेनेही हातभार लावला आहे. ऑक्सिजन या वायूस ‘प्राणवायू’ असे नाव पडले आणि योगग्रंथांतील प्राण म्हणजे हाच वायू होय, असे सामान्य वाचकास वाटू लागले. स्वामीजींनी श्वासातील वायूंचे मापन केले. प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजन घेण्यात नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. श्वासाच्या नियमनाने छाती व पोट यांतील दाबांत जे बदल होतात आणि मज्जासंस्थेवर जो परिणाम होतो, त्यांत ते महत्त्व शोधावे, असे त्यांनी प्रतिपादिले. व्यासपीठावर टाळ्या मिळविणारे उत्तर आयते हाती असता त्यांनी ते नाकारले.

अर्थात त्यांची सर्वच अनुमाने टिकली, असे नाही. सर्वांगासनाने कंठस्थ ग्रंथीस रक्तपुरवठा वाढून तिचे आरोग्य सुधारते, हे त्यांचे मत त्यांच्या ‘आसने’ या १९३१ च्या ग्रंथामुळे फार दूरवर पसरले. आज असंख्य पुस्तकांत ते सिद्ध झालेले सत्य म्हणून छापले जाते. ते अनुमानच आहे. त्याला पुरेसे प्रमाण अद्याप मिळालेले नाही. थायरॉइडच्या रुग्णाने या आसनाच्या भरवशावर औषध सोडणे हे स्वामीजींच्या पद्धतीला धरून होणार नाही.

कैवल्यधामाची कीर्ती पसरण्यास काही प्रसिद्ध व्यक्ती कारण झाल्या. १९२७ च्या मार्च महिन्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असता महात्मा गांधींना कोल्हापुरास रक्तदाबाचा तीव्र त्रास झाला. निपाणी, आंबोली आणि तेथून म्हैसूर संस्थानातील नंदीचा डोंगर अशी त्यांची विश्रांतीची ठिकाणे होती. या आजारात त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला व त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन हे लोणावळ्यास येऊन राहिले आणि स्वतः अभ्यास करून १९३७ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच विदुषीने हृदयाच्या विद्युत्-आलेखाचे यंत्र भारतात आणून योग्यांचे परीक्षण केले आणि योगी हृदय थांबवू शकतो, अशी वार्ता जगभर झाली. १९५७ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांना असे दिसले की, छाती व पोट आवळून धरल्यामुळे नाडी मनगटाशी लागेनाशी होते आणि स्नायूंच्या आवाजात हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. हृदय मात्र चालूच असते. चमत्काराची हौस असणाऱ्यांची यात निराशा झाली.

आसनांचा प्रसार खेड्यापाड्यांत झाला तो मात्र संशोधनाच्या द्वारे नव्हे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचे व्रत घेतले, संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू केले आणि त्यावर मराठी-इंग्रजीत लिहिले. आज योगवर्ग म्हटला की सूर्यनमस्कार प्रथम आठवतात. येथे शास्त्राभ्यासकाच्या दृष्टीने एक गमतीची गोष्ट नोंदविली पाहिजे. हठप्रदीपिकेवरील ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेत साधकाने टाळावयाच्या देहक्लेशकारक कर्मांची उदाहरणे देताना अतिशय नमस्कार घालणे आणि जड ओझी वाहणे या दोन्हींचा एकत्र उल्लेख आहे. नमस्कार हा आखाड्याचा आणि उपासनेचा व्यायाम. आसन ही स्थैर्याची विद्या. दोन्ही उत्तम, परंतु दोन्ही एक नव्हेत.

जोयड्याच्या उंबरठ्यावर असलेल्या बेळगावचाही या इतिहासात वाटा आहे. म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालविणारे तिरुमलै कृष्णमाचार्य हे १९३६ मध्ये आपल्या शिष्यांसह उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिके दाखवीत हिंडत होते. त्यांच्या शिष्यांत त्यांचाच मेहुणा, अठराव्या वर्षाच्या आतबाहेरचा सुंदरराज होता. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत बेळ्ळूर येथे जन्मलेला हा मुलगा बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी जर्जर झालेला होता. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्याची आसने पाहिली. शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या या डॉक्टरांना त्या देहातील सांध्यांच्या हालचालींत काही नवे दिसले असले पाहिजे. निवृत्तीनंतर पुण्यास आल्यावर त्यांनी डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यासाठी १९३७ मध्ये त्याला बोलाविण्याची व्यवस्था केली. सहा महिन्यांसाठी आलेला तो तरुण पुण्याचाच झाला. बी. के. एस. अय्यंगार या नावाने त्याने पुढे जग जिंकले. १९६६ चा ‘लाइट ऑन योगा’ आणि १९७५ ची पुण्याची रमामणी संस्था ही त्याची कीर्तिस्थाने. दोर, पाट, खुर्ची, उशी यांचा आधार देऊन वृद्धास आणि रोग्यासही आसन साधून देणे, हे अय्यंगारांचे खरे ऋण. २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन ठरविला.

या सर्व शतकभराच्या उद्योगातून आज निश्चित म्हणून काय हाती आले आहे? कंबरदुखीचेच उदाहरण घ्यावे, कारण या विषयावर सर्वांत अधिक परीक्षण झाले आहे. २०११ साली अमेरिकेत २२८ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना बारा आठवडे योगवर्ग, काहींना तितकेच आठवडे अंग ताणण्याच्या साध्या व्यायामाचे वर्ग आणि काहींना केवळ एक माहितीपुस्तक देण्यात आले. पुस्तकवाल्यांपेक्षा योगवाल्यांना अधिक आराम पडला. परंतु ताणाचा व्यायाम करणाऱ्यांनाही जवळजवळ तितकाच पडला. २०१७ साली अशा बारा चाचण्यांतील १०८० जणांचा एकत्र विचार झाला, तेव्हा व्यायाम न करण्यापेक्षा योगाने हालचालीत अल्प ते मध्यम सुधारणा होते, असे दिसले. अन्य व्यायामापेक्षा तो सरस आहे असे निश्चितपणे म्हणता आले नाही.

हा निष्कर्ष ऐकून भक्तजनांचे मन किंचित खट्टू होणे स्वाभाविक आहे. पतंजलीची परंपरा सांगणारी विद्या आणि हातपाय ताणणे यांचे फळ एकच? स्नायू आणि सांधे यांच्यापुरते बोलावयाचे तर होय, बरेचसे एकच. स्नायूला तो कोणत्या नावाने ताणला जात आहे, हे कळत नाही. काही आठवडे नित्य ताण दिल्यावर माणूस अधिक वाकू लागतो तो स्नायू लांब झाल्यामुळेच असे नव्हे; ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढते, हे त्याचे मोठे कारण असल्याचे अलीकडील अभ्यासक मानतात. म्हणूनच झटका देऊन वाकणे व्यर्थ, आणि संथ श्वासासह स्थिर राहणे उपयोगी. येथे पतंजलीचा स्थैर्य व सुख यांवरील आग्रह आणि आजचे शरीरशास्त्र यांची गाठ पडते. परंतु हठप्रदीपिकेला आसनापुढे जे काही सांगावयाचे आहे, म्हणजे प्राणाचा निरोध, नादाचे अनुसंधान, मनाचा लय, त्याचे मोजमाप कंबरेच्या चाचणीने होत नाही, आणि त्या चाचणीने तसा दावाही केलेला नाही. मठात जे शिकावयाचे ते हे पुढचे. त्यासाठी कंबर न दुखता तासभर बसता यावे, एवढाच आसनांचा मठातील उपयोग पूर्वीपासून मानला गेला आहे.

जोयडा तालुक्याच्या बाबतीत एक विचार अधिक करावा लागतो. काळी नदीवर गणेशगुडी येथे धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. अनेक कुटुंबे रामनगर आदी ठिकाणी वसली. पूर्वी चालत जाण्याच्या वाटा होत्या तेथे आता बस व मोटारी धावतात. तालुक्यात दोन प्रकारचे देह आज एकत्र नांदतात. एक कचेरीत, शाळेत, दुकानात अथवा गाडीच्या आसनावर दिवस काढणारा. दुसरा डिग्गी, अणशी, कुंबारवाडा या बाजूस भातशेती व बागाईत करणाऱ्या आणि रानात कंदमुळे लावणाऱ्या कुणब्याचा. पहिल्याचे खांदे पुढे झुकलेले, मांडीमागच्या शिरा आखडलेल्या. त्याला मांडी घालून बसणेही जड जाते. दुसरा उकिडवा बसून तासन्‌तास काम करतो, त्याच्या सांध्यांना लवचीकपणा कोणी शिकवावयाचा नाही. त्याचे दुखणे अतिश्रमाचे असते. एकाच तक्त्यावरील आसने या दोघांना सारखीच शिकविणे, हे औषधाची एकच पुडी सगळ्या गावाला वाटण्यासारखे आहे.

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्याचा विकार असलेल्याने शीर्षासन करू नये. जेवणानंतर लगेच कोणतेही आसन करू नये. गरोदर स्त्रीने वैद्याच्या सल्ल्याशिवाय पोटावर ताण देऊ नये. बैठे काम करणाऱ्याने रोज पंधरा-वीस मिनिटे भुजंगासन, पश्चिमोत्तानासन आणि वक्रासन सावकाश केले तरी पुष्कळ आहे; नित्यता राखणे हे अवघड आसन साधण्यापेक्षा मोलाचे. आणि लावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात ओणवी असलेल्या बाईला सायंकाळी पुन्हा पुढे वाकावयास सांगू नये. तिने पाठ हलकेच मागे वळवावी, गुडघे छातीशी घेऊन थोडा वेळ पडून राहावे आणि मग दहा मिनिटे शवासनात, कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी, निजावे. घरातील माणसांनी तेवढा वेळ चुलीचे काम आपल्याकडे घ्यावे.